चांद्याच्या पुढे

‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ हे शब्द पुण्यात आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानावर पडतात. पुढाऱ्याच्या भाषणात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, एकदा तर आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून भांडण चाललं होतं, त्यातही. बांदा म्हणजे सिंधुदुर्गातलं गोव्याच्या वेशीवरचं गाव. तिथे महाराष्ट्र खरंच संपतो. चांदा म्हणजे माझं चंद्रपूर, आणि तिथे तो संपत नाही. जटपुरा दरवाजातून निघा, बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीचा वैनगंगेवरचा पूल ओलांडा, आलापल्ली मागे टाका, आणि मग सिरोंचा. दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, आणि सगळा महाराष्ट्रात.

म्हण चुकलेली नाही, ती जुनी झाली आहे. ती तोंडात बसली तेव्हा सिरोंचासुद्धा चांदा जिल्ह्यातच होतं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि १४,४१२ चौरस किलोमीटरचा मुलूख म्हणीबाहेर राहिला. मनाबाहेरही राहिला असावा. कारण मी सुट्टीत तिकडे निघाले की आमच्या ऑफिसात तेच ते प्रश्न येतात. पूर्वी राग यायचा. आता मी ते प्रश्न जपून ठेवते, जशी काही माणसं जुनी तिकिटं जपतात.

“तिकडे जंगलात जगाचं काय कळत असेल?”

२०२५ च्या पावसाळ्यात मी मूलच्या बसस्टँडजवळ चहा पीत उभी होते. रोवणी आटोपत आली होती, धानाला युरिया घालायचे दिवस, आणि कृषी केंद्रापुढे आधार कार्ड हातात घेऊन रांग. रांगेतून चहाला आलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं, मिळतो का युरिया? ते म्हणाले, “कायचा मिळते ताई. चीननं अडवला ना.” मग बशीत ओतलेला चहा फुंकत त्यांनी मला समजावून सांगितलं की चीन आपल्याकडे खत पाठवायला हात आखडता घेतो आहे, म्हणून जहाजं कमी, म्हणून रेल्वेचा रॅक उशिरा, म्हणून ही रांग. त्या दिवशी पुण्याच्या माझ्या व्हॉट्सॲप गटात चीनवरून जी चर्चा चालली होती तिच्यात झेंडे बरेच होते, खत कुठेच नव्हतं.

जगाचं राजकारण इथे बातमी म्हणून येत नाही, किंमत म्हणून येतं. कधी माणसं म्हणून येतं. चामोर्शीच्या बसस्टँडवर हातात शाखा-पोला घातलेल्या बायका दिसतात, शंखाची पांढरी बांगडी आणि शेजारी लाल. कंडक्टरशी त्या अस्सल इकडची मराठी बोलतात आणि लेकराला बंगालीत दटावतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसवलं गेलं. मुलचेरा तालुक्यातली सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावं नावावरूनच ओळखू येतात. फाळणीची रेघ ओढली गेली ती हजार किलोमीटरहून लांब, पण तिच्यामुळे इथे भाताच्या बांध्यांशेजारी मासळीची तळी आली आणि शरदात दुर्गेचे मांडव आले. गडचिरोली जिल्ह्यात गोंडी, माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी अशा सात भाषा बोलतात. ‘आदिवासी बोली’ म्हणून आपण ज्या एका पोत्यात भरतो, त्यातली माडिया द्राविडी कुळातली आहे. ती मराठीची बिघडलेली धाकटी बहीण नाही. तिचं नातं तेलुगूशी अधिक जवळचं. पहिलीत बसलेलं माडिया पोर मराठीचं पुस्तक उघडतं तेव्हा ते परभाषा शिकत असतं. हे कळलेले गुरुजी आणि न कळलेले गुरुजी यांच्या वर्गातला फरक दारातूनच दिसतो.

आणि लोखंड. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. जगाच्या बाजारात पोलादाचा भाव काय, हे आलापल्ली-आष्टी रस्त्यावरच्या टपरीवाल्याला ट्रक मोजून सांगता येतं. मी एकदा त्या रस्त्यावर एसटीत बसून पाऊण तास लाल धूळ खात होते. शेजारची आजी पदराने तोंड झाकत म्हणाली, “देव चालला ट्रकात बसून.” चिडून म्हणाली की गमतीनं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

“नक्षलवादी दिसतात का गं?”

हा सगळ्यात जुना प्रश्न. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत जो थरार असतो तो सिनेमातला. ‘न्यूटन’ आला २०१७ मध्ये. चांगला सिनेमा, मला आवडला. पण त्यानंतर लोकांची एक समजूत पक्की झाली की दंडकारण्यात मतदान म्हणजे रिकामं केंद्र, कंटाळलेले जवान आणि जबरदस्तीने रांगेत आणलेली माणसं. गोष्ट छत्तीसगडची, पण आमच्याकडे ती सरसकट डकवली गेली.

२०२४ ची लोकसभा घ्या. १९ एप्रिलला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१.८८ टक्के मतदान झालं. राज्यातल्या ४८ मतदारसंघांत सर्वांत जास्त. तेही चार विधानसभा क्षेत्रांत मतदान सुरक्षेपायी दुपारी तीनलाच बंद होत असताना, आणि एप्रिलच्या उन्हात. महिनाभराने दक्षिण मुंबईत मतदान झालं, केंद्र संध्याकाळी सहापर्यंत उघडं होतं, मतदार जेमतेम निम्मे आले. हे आकडे मी ऑफिसात सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, “त्यांना दुसरं काम काय असतं?” एप्रिल म्हणजे मोहफुलं वेचायचे दिवस, पहाटे चारला टोपली घेऊन निघावं लागतं. पण ते असो.

नक्षलवाद नव्हता असं मी म्हणत नाही. होता, आणि जवळून होता. १९८० साली गोदावरी-प्राणहितेपलीकडून पहिली दलमं, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या, आली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सिरोंचा तालुक्यात मोयाबीनपेठ्याला त्यांतलाच पेद्दी शंकर नावाचा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. तेलुगू मुलखातून आलेल्यांनी माओ नावाच्या चिनी पुढाऱ्याचा विचार माडिया खेड्यांत नेला तेव्हा माओ मरून चार वर्षं झाली होती आणि खुद्द चीन त्या वाटेवरून बाजूला वळायला लागला होता. हा उशीर मला नेहमी विलक्षण वाटतो. पेकिंगमध्ये जे विझत होतं ते भामरागडात पेटत होतं. आमच्या मुलखात चीन दोनदा आला म्हणायचा, आधी विचार म्हणून आणि आता युरिया म्हणून. दुसऱ्या खेपेला तो आलाच नाही, ही लोकांची तक्रार.

त्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मेले कोण? लाहेरीला ऑक्टोबर २००९ मध्ये १७ पोलीस. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. दलमांतली पोरं, आणि खबरी ठरवून रात्री घरातून ओढून नेलेली माणसं. यांतली बरीचशी याच मुलखातली, कित्येकदा एकाच आडनावाची. सिनेमात दोन बाजू वेगळ्या दिसाव्यात म्हणून कपडे वेगळे देतात. इथे दोन्ही बाजूंचे हिरवेच.

१५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोतला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवून उभा राहिला. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं. मला मात्र त्याच वर्षाची १ जानेवारी जास्त लक्षात आहे. त्या दिवशी अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. लाल डबा, बाकी काही नाही. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. बातमी दोन रकान्यांची होती. एसटी नसलेल्या गावातून बाळंतीण दवाखान्यात कशी नेतात हे ज्यांनी पाहिलंय, खाटेला बांबू बांधून चौघांच्या खांद्यावर, त्यांना ते दोन रकाने पुरले असतील.

“हेमलकसा म्हणजे बंगांचं ना?”

नाही. आणि आनंदवन म्हणजे हेमलकसाही नाही. हा गोंधळ इतका पसरला आहे की ‘एका दिवसात आनंदवन, हेमलकसा, शोधग्राम करून येऊ’ असा बेत माझ्यासमोर निदान तीन कुटुंबांनी मांडला. नकाशा काढून दाखवावा लागला. आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला, बाबा आमट्यांचं, कुष्ठरोग्यांसाठी सुरू झालेलं. हेमलकसा पार भामरागड तालुक्यात, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती मिळतात त्या बाजूला. तिथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा. आणि शोधग्राम धानोरा रस्त्यावर, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं. ‘सर्च’ ही त्यांची संस्था. तीन ठिकाणं, तीन कामं, तीन वेगळे स्वभाव. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ हा नाना पाटेकरांचा सिनेमा २०१४ मध्ये आला तेव्हापासून तर बिबट्याला कुरवाळणारे ते सगळे ‘बंग-आमटे’ असा एक जोडशब्दच झालाय.

गंमत अशी की हेमलकशाची दखल मोनॅकोने १९९५ मध्येच घेतली होती, टपाल तिकीट काढून. मोनॅको हा दोन चौरस किलोमीटरचा देश, श्रीमंतांच्या बोटींचा आणि मोटार शर्यतींचा. भामरागड तालुका त्याच्या कितीपट आहे याचं गणित मी शाळकरी भाच्याला घातलं होतं. त्याने अर्ध्यात सोडलं.

पण मला सांगायचं आहे ते याहून मोठ्या गैरसमजाबद्दल. ज्ञान शहरातून निघतं आणि जंगलाकडे जातं, अशी आपली ठाम समजूत आहे. बंग दांपत्य अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्य शिकून आलं खरं. पण १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात राणीताईंचा स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास आला, तो गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा. जगभर तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरून चालले होते. त्या दोन खेड्यांतल्या बायकांनी तपासणीला येऊन ते धरून चालणं मोडलं.

मग १९९९. त्याच लॅन्सेटमध्ये ३९ खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास. गावातल्याच थोडं शिकलेल्या बाईला प्रशिक्षण द्यायचं. तिने बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ऊब राखायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. मोठ्या रुग्णालयातल्या काचेच्या पेटीशिवाय. देशातल्या आशा कार्यकर्त्या आज घरोघरी जाऊन बाळ बघतात ती पद्धत इथून गेली, आणि नवजातांसाठी घरभेटी द्या ही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची २००९ सालची शिफारसही अशा अभ्यासांवर उभी राहिली.

शोधग्राममध्ये मी एक वस्तू पाहिली, ती डोक्यातून जात नाही. लाकडी चौकट, तिच्यात तारेवर ओवलेले मणी, आणि बाजूला वाळूचं मिनिटभराचं घड्याळ. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला श्वास मोजावे लागतात, पण गावच्या सुईणीला साठपर्यंत अंक येत नाहीत. मग अंक कशाला हवेत? वाळू पडते तोवर ठरावीक श्वासांमागे एक मणी सरकवायचा. अमुक मण्याच्या पुढे गेलं की बाळ आजारी. मी ती चौकट हातात घेऊन उगाच दोनतीन मणी सरकवले. गुळगुळीत झाले होते.

“जंगल सरकारचं, लोक नुसते राहतात”

हा प्रश्न नव्हे, विधान. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला ट्रेनमध्ये ऐकवलेलं, आणि अगदीच खोटं नव्हे. बराच काळ ते तसंच होतं. सागवान इंग्रजांना हवं होतं, आजही सगळ्यांना हवं असतं. अयोध्येतल्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते बल्लारपूरहून, वाजतगाजत. बांबूची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे. माझ्या शाळेच्या वह्यांचा कागद बल्लारपूरच्या गिरणीतला असायचा, आणि तो कागद याच जंगलांतल्या बांबूचा. त्या बांबूपासून तट्टा विणणाऱ्या माणसाला मात्र चार काठ्या आणायला रानातून लपतछपत जावं लागे.

अडलं कुठे होतं? व्याख्येत. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. वनस्पतिशास्त्रात तो गवत. झाड म्हटलं की तो इमारती लाकडासारखा वनखात्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला, म्हणजे गोळा करायचा हक्क लोकांचा. आता दोन कायदे आमनेसामने, आणि मधे धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शेसव्वाशे घरांचं गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता, पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला टीपी लागते. टीपी म्हणजे वाहतूक परवाना, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. हक्क आहे पण माल नेता येत नाही. आपल्या प्रशासनाची ही खास कला आहे.

२७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि ते टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देशात पहिल्यांदा. पुढे २०१७ मध्ये खुद्द १९२७ चा कायदा दुरुस्त झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाड राहिला नाही. पर्यावरणाच्या जागतिक परिषदांत ‘स्थानिक समुदायांचे हक्क’ हा शब्दप्रयोग आता येता-जाता वापरतात. मेंढ्यात त्याचा अर्थ एक पावती-पुस्तक असा होतो. आणि त्या गावात बहुमत चालत नाही. एकजण जरी नाही म्हणाला तरी निर्णय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात. हे ऐकून माझे एक राज्यशास्त्राचे प्राध्यापक मित्र म्हणाले, असं कसं चालेल? मी म्हटलं, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत चालत नाही खरं. एकाचा नकार तिथेही सगळं थांबवतो. पण पुन्हा बसतात कोण?

“वाघ दिसला का?”

ताडोब्याहून येणाऱ्याला हा एकच प्रश्न. दिसला नाही म्हटलं की विचारणाराच ओशाळतो, जणू दुःखद बातमी विचारली. ताडोबा हे १९५५ पासूनचं राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, पण त्याची आजची ओळख चित्रतारकांसारखी झाली आहे. माया नावाच्या वाघिणीला चाहते होते. २०२३ मध्ये ती दिसेनाशी झाली तेव्हा समाजमाध्यमांवर अक्षरशः श्रद्धांजल्या वाहिल्या गेल्या. वाघडोह नावाचा वाघ गेला तेव्हाही.

चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत आणि त्यांतले पुष्कळ राखीव क्षेत्राच्या बाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या शेतांना लागून राहतात. त्यांना नावं नाहीत. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी एका वाघिणीने मारल्या. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागेवर, वाळायला टाकायचे. पंधरवड्याचा हंगाम, वर्षातली एकरकमी रोकड. पानं खुडायला वाकलेली बाई वाघाला चार पायांचं जनावर वाटते असं म्हणतात. ताडोबा हे नावही तारू नावाच्या माणसाचं. गावचा मुखिया, तळ्याकाठी वाघाशी झुंजताना मेला, आणि गोंडांनी त्याचा देव केला. जिप्सीत बसलेल्यांना गाईड ही गोष्ट सांगतो तेव्हा बहुतेकांचे डोळे झुडपांत असतात.

वाघाशिवाय पाहायला काय आहे म्हणाल, तर डायनासोर. थट्टा नाही. सिरोंच्याजवळ कोटा नावाचं खेडं आहे, भूशास्त्रातल्या एका अख्ख्या थराला त्याचं नाव आहे. त्या थरात साठेक वर्षांपूर्वी प्रचंड हाडं सापडली. प्राण्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोरी. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोरी कारण उत्खननाचं १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. सांगाडा आहे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. ‘जुरासिक पार्क’ सिनेमातला तो आरडाओरडा करणारा टी-रेक्स मुळात जुरासिक काळातला नव्हेच, फार नंतरचा. आमचा खराखुरा जुरासिक, शाकाहारी, आणि सिनेमात नाही. सिरोंच्याच्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमचं बरंच काही कोलकात्या-मुंबईला आहे, म्हणाला.

“करमणूक काय असेल बिचाऱ्यांना?”

हा प्रश्न माझ्या शेजारच्या काकूंचा, आणि मनापासून कळवळ्याचा. त्यांना मी सांगितलं, काकू, ज्या महिन्यांत पुण्यात नाटकवाले ‘प्रेक्षक येत नाहीत’ म्हणून परिसंवाद भरवतात, त्याच महिन्यांत आमच्याकडे रोज रात्री कितीतरी गावांत नाटक असतं, आणि पहाटेपर्यंत असतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा म्हणजे झाडी. म्हणून झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान कापलं, बांधलं, की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा पट थांबले, नाटकं थांबली नाहीत. २०२१ च्या अखेरीस परवानगी मिळून बैल परतले आणि २०२३ मध्ये ती कायम झाली. वडसा, सरकारी नाव देसाईगंज, ही या नाटकांची राजधानी. स्टेशनाजवळच्या रस्त्यावर नाटक कंपन्यांच्या पाट्या ओळीने लागतात आणि गावोगावची मंडळं येऊन तारखा ठरवून जातात. गाव प्रयोग विकत घेतं, तिकीट लावतं, तोटा झाला तर वर्गणी काढतं. मुळं दंडार, खडी गंमत या जुन्या खेळांत आहेत. सरकारी अनुदानात नाहीत.

शिष्टांचा गैरसमज असा की हे सगळं अश्लील आणि भडक. भडक आहे. खलनायक आला की ऑक्टोपॅड छतावर गारा पडाव्यात तसा वाजतो. मधेच कथेशी काही संबंध नसलेली लावणी येते, आणि हल्ली ती फार लांबते ही तक्रार मी तिथल्या जुन्या प्रेक्षकांकडूनच ऐकली. पण त्याच रात्री, त्याच मंचावर, सावकारी, हुंडा, दारू, धानाचा भाव हेही येतं, आणि बाया पदराला डोळे पुसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचे ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० च्या आसपास भूमिका झाल्या होत्या. पुण्या-मुंबईतल्या कुठल्या नटाच्या एवढ्या झाल्या? आज एका कंपनीत राजा, उद्या दुसऱ्या गावात भिकारी. तालमीला वेळ कुठला, म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि नट एका कानाने त्याचं ऐकत दुसऱ्या कानाने प्रेक्षकांचं ऐकतो.

आणि भाषा. ‘ही काय मराठी?’ असं म्हणणाऱ्यांनी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर केलेलं काम पाहावं. या बोलीत ण नाही, ळ नाही. पाण्याचं पानी होतं. वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, झाडीत डोरा. शहरातले हसतात ते या ‘चुकां’ना. चुका नियमाने होत असतील तर त्याला व्याकरण म्हणतात. शाळेत असताना मी स्वतः घरी ‘डोरा’ म्हणायचं आणि बाहेर ‘डोळा’ म्हणायचं असं शिकले होते, कोणी न सांगता. आज बोलताना दोन्ही अडखळतात.

मागच्या डिसेंबरात ब्रह्मपुरीच्या पुढे एका गावात मी मावसबहिणीसोबत नाटकाला गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणस टाकून, वर चादर, आम्ही अकरा बाया आणि पोरं. अशी थंडी की कानात कापूस. माहेरवाशिणी आल्या होत्या, सोयरिकीचं बोलणं तिथेच मांडवाबाहेर शेकोटीपाशी चाललं होतं. साडेदहाला घंटा झाली. विनोदी नटाने आल्या आल्या अमेरिकेच्या आयातशुल्कावर कोटी केली. सावकार सुनेला म्हणतो, माहेराहून काय आणलंस? ती म्हणते, आणलं असतं पण मधे ट्रम्प नाका लागला. मांडव कोसळायचा बाकी. माझ्याशेजारची म्हातारी सगळ्यात जोरात हसली. मी विचारलं, आजी, ट्रम्प कोण माहीत आहे? “हो ना. अमेरिकेचा पाटील.”

दोन वाजता मध्यंतर झालं. चहा, भजी, कोणीतरी पोराला शोधत होतं. आजीने शालीतून हात काढून मला विचारलं, पोरी, तू कोठची? पुण्याची म्हटल्यावर तिने मान डोलावली. तिकडे नाटक असते का? असतं, मी म्हटलं, खूप असतं. किती वाजेपर्यंत? मी म्हटलं, साडेनऊला सुरू होतं, साडेबारापर्यंत संपतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग काळजीच्या सुरात म्हणाली, “तीन घंट्यात? मंग बाकीची रात का करता जी तुमी?”

घंटा झाली, पडदा वर गेला.